चार सेकंदांचे हात

प्रिय कीर्ती,

सप्रेम जय भीम.

कच्… कच्… कच्… कच्. मंगळवारपासून हा आवाज माझ्या कानात बसलाय. तुझ्या आजीच्या कात्रीचा. शालनला जाऊन दहा वर्षं झाली. तिची कात्री मी गिरिजाबाईला दिली, ती तिच्या कुंभारी गावच्या घरी कुठंतरी गंजत पडली असेल. आवाज मात्र इथंच राहिला. ओल्या फडक्यातलं विडीचं पान उचलायचं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवायचा आणि चारी बाजूंनी कच्, कच्, कच्, कच्. चार आवाज झाले की एक पान. मी शाळेत जाताना सदऱ्याची बटणं लावायचो ती त्या तालावर. वर्गात मुलांकडून कविता म्हणून घेताना टेबलावर पट्टीनं ताल धरायचो, तेव्हा हेडमास्तरांना वाटायचं, त्रिंबक गुरुजी वृत्तात पक्के. कसलं वृत्त आणि कसलं काय! तो ताल शालनच्या कात्रीचा होता. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं झालंय, त्याला हसू नकोस. पेन नको वाटला म्हणून शेजारच्या पोरीचं काळं स्केचपेन मागून आणलं. कागदाला आधी घड्या घातल्यात आणि घडीवरून बोट फिरवत ओळ धरतोय. दाराशी उन्हात पाट टाकून बसलोय. पलीकडच्या गल्लीतले माग चालू आहेत. ते बंद पडले की दुपार झाली असं समजायचं, तोवर निम्मं पत्र लिहून होईल.

तुझं खोकं मंगळवारी आलं. कुरियरवाल्यानं जिथं बोट ठेवलं तिथं सही केली. आत तुझी चित्रं, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी, रबर लावलेली. प्रत्येक कागदाला वरच्या कडेला तीन भोकं, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट. आणि वर तुझी चिठ्ठी. भिंग घेऊन, उन्हात धरून वाचली. 'आजोबा, महिनाअखेर नोकरी सोडतेय. पप्पांना सांगितलंय. तलाठ्याचा फॉर्म भरलाय. ही सगळी चित्रं रद्दीत द्या. माझ्यानं टाकवत नाहीत.' बास. खाली नाव नाही, ख्यालीखुशाली नाही. चिठ्ठी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. अजून तिथंच आहे.

गुरुवारी आपला येडू भंगारवाला आला. खोकं दारात बघून गाडा थांबवलाच त्यानं. "गुर्जी, ह्यात काय हाय? द्या की." मी म्हणालो, उत्तरपत्रिका आहेत. तर म्हणतो, "आवो, रिटायर होऊन ईस वर्सं झाली की तुमाला. अजून तपासायच्या ऱ्हायल्यात व्हय?" आणि हसत हसत निघून गेला. मला हसू आलं नाही. कारण खरंच राहिल्यात.

आता मागचं थोडं लिहितो. तुला माहीत आहे ते सगळं, पण म्हाताऱ्या माणसाला माहीत असलेलंच पुन्हा सांगावंसं वाटतं.

शालन गेली तेव्हा तू नववीत होतीस. पाचवीपासून आमच्याजवळ राहिलेली, आजीच्या मांडीवरच्या सुपाला डोकं टेकून गृहपाठ करणारी पोर. पण तू रडली नाहीस. मोहोळहून तुझे आईपप्पा आले, माणसं आली, गेली. तू नुसती त्या रिकाम्या सुपाकडे बघत बसायचीस. मग त्या सुटीत कुठून तरी तुझ्या फोनवर ती जपानी चित्रकथा आली. काच फुटलेला फोन. मांगा म्हणतात, उजवीकडून डावीकडे वाचायचं, असं तू मला शिकवलंस आणि मला वाटलं, वा, या वयात उलटी बाराखडी! नाव इंग्रजीत होतं. आपण तिला 'राखेचा मुलूख' म्हणायचो. तू एकेक चौकोन मराठीत करून सांगायचीस आणि मी ऐकायचो. आकाशातून राख पडतेय, सूर्य विझत आलाय, आणि अंधाराची राणी माणसांची नावं खातेय. जिचं नाव खाल्लं ती बाई जिवंत राहते, पण तिची आईसुद्धा तिला ओळखत नाही. काय भयंकर कल्पना! अर्धा चेहरा जळालेली ती तलवारवाली, आणि तिच्यामागून काठी टेकत चालणारी ती म्हातारी सुईण, जी जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या मनगटाला दोरा बांधते, राणीला त्याचं नाव कळू नये म्हणून. इंग्रजीतला तिचा मंत्र तुला मराठीत जमेना, तेव्हा मी दोन ओळी जुळवून दिल्या होत्या. तुझ्या वहीत असतील:

बांधते मी दोरा बाळा, गाठ घालते हळूहळू,
अंधाराच्या राणीला गं, नाव तुझं नको कळू.

तू मला त्याला ब्याऐंशी गुण दिलेस. आपला खेळच होता तो. तू पाच वर्षांची असल्यापासून सगळ्याला गुण. तुझ्या पहिल्या भाकरीला बासष्ट दिले होते, तू भांडलीस, "गोल नसली तरी भाजली नीट आहे की!" मग पासष्ट केले. आजी म्हणायची, "ह्या मास्तराला शेंगाच्या चटनीला पन मार्क द्यायची खोड हाय." पण तुला साठाच्या खाली मी कधी उतरवलं नाही. तुला ते ठाऊक होतं, म्हणून तू निर्धास्तपणे विचारायचीस, "किती?"

आणि मग ती अकरा पानं आली. आठवतात ना? सुईणीपुढं मेलेलं पोर आणलंय. मेलेल्याला दोरा कशाला? पण ती बसते आणि बांधते. अकरा पानं, एक अक्षर नाही. नुसती बोटं, दोरा, मनगट, राख. तू थांबलीस आणि म्हणालीस, "आजोबा, इथं काय वाचू? काहीच लिहिलेलं नाही." मी म्हणालो, कवितेत ओळीच्या मध्ये थांबायचं असतं ना, तसं हे थांबायचं पान आहे. गप्प बसून वाच. तू एकेक पान सरकवत गेलीस. आठव्या का नवव्या पानाला तुझ्या खांद्याला हिसका बसला. मग तू रडलीस, चांगली तासभर, आजी गेल्यावर पहिल्यांदा. मी चहा केला, त्यात साखर घालायची विसरलो, तो आपण दोघांनी तसाच प्यायला. शाळेत चौतीस वर्षं मी मुलांना कविता शिकवल्या, पण न लिहिलेलं कसं वाचायचं हे मला त्या दिवशी एका जपानी माणसानं शिकवलं.

चित्रकार व्हायचं तू तेव्हाच ठरवलंस. यशपालचा तोल गेला. त्याचंही बरोबर होतं असं आता वाटतं. बाप आहे. मोहोळच्या कचेरीत टेबलामागं बसून त्यानं जे मिळवलं, ते पोरीनं एक पायरी वर नेऊन बसावं एवढंच त्याचं स्वप्न. "कार्टून काढून कुणाचं पोट भरलंय, अण्णा? तुम्हीच तिला चढवून ठेवलीय!" असं मला भर बैठकीत म्हणाला. मी म्हणालो, तुझ्या आईनं पान वळून तुझं पोट भरलं, ही कागदावर भरेल. ते त्याला झोंबलं. आईच्या विड्यांचं नाव घरात काढलेलं त्याला कधीच सोसलं नाही. लहानपणी शाळेत डबा उघडायचा नाही, भाकरीला तंबाखूचा वास येतो म्हणून. शालन हात राखेनं घासायची, लिंबानं घासायची, मग पीठ मळायची. तरी हा डबा भरलेला परत आणायचा. संध्याकाळी तीच भाकरी स्वतः खायची. कचेरीत त्यानं आई घरकाम करते असंच सांगितलेलं आहे. असो. हे लिहायचं नव्हतं, पण ओघात आलं.

तू हैदराबादला गेलीस, स्टुडिओत लागलीस, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तुझा फोन. ओरडतच होतीस. "आजोबा, राखेचा मुलूख! त्याची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनमालिका, होतेय आणि आमच्याकडे त्याचं काम आलंय!" मला वाटलं, पोर आठ वर्षं चालत चालत त्या मुलखात खरोखरच जाऊन पोचली. शेजारीपाजारी पेढे वाटले. काय झालंय ते कुणाला नीट सांगता येईना, म्हणून 'नातीला जपानचं काम' एवढंच सांगितलं. मग तू मला ते काम समजावलंस. समज, एक हात हलतोय, तर त्याचं पहिलं चित्र जपानहून येतं आणि शेवटचं येतं. मधली सगळी चित्रं तुम्ही काढायची, सेकंदाला बारा. मी म्हणालो, म्हणजे दोन टोकं त्यांची आणि मधला हात तुझा. तू किती हसलीस. म्हणालीस, "शंभर!"

पुढे पुढे तुझे फोन आखूड होत गेले. मुदत कमी, माणसं कमी, चित्रं कापायला सांगतात. जिथं बारा हवीत तिथं सहावर भागवा म्हणतात. तलवारवालीचा चेहरा चार वेगवेगळ्या माणसांनी काढलाय आणि चारी वेळा ती वेगळीच बाई दिसते. एकदा तू नुसतं एवढंच म्हणालीस, "आजोबा, त्या अकरा पानांना चार सेकंद दिलेत." मला तेव्हाच कळायला हवं होतं की ते चार सेकंद तूच मागून घेतलेस.

आता तो रविवार. तुझ्या पप्पांनी नवा टीव्ही घेतला म्हणून मी यष्टीनं मोहोळला गेलो होतो. सकाळची वेळ. तुझी आई पोहे करत होती आणि यशपालनं त्या मालिकेचा चौथा भाग लावला. मी खुर्ची पुढं ओढून बसलो. अकरा पानांची जागा आली, आणि नगारे वाजायला लागले. नगारे, मग कुठलंसं गाणं, त्यावर कुणीतरी किंचाळतंय. ज्या जागी आपण श्वास धरून बसलो होतो, तिथं वरातीतला गोंगाट. माझा जीव इतका तळतळला, कीर्ती. त्यात यशपाल फोनवर जगभरच्या लोकांच्या शिव्या वाचत होता, मोठमोठ्यानं. "हे बघा अण्णा, काय लिहितायत. चेहरे लाकडी. हात मेणाचे. मूळ पुस्तकाची माती केली." वाचताना त्याला बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. पण मीच खरा ठरलो, हे त्याच्या आवाजात होतं. आणि नेमका तेव्हाच तुझा फोन आला. त्यानं स्पीकर लावला. "आजोबा, पाहिलात? चौथा पाहिलात? किती?"

मी म्हणालो, "चेहरे लाकडी आहेत, पोरी. हात मेणाचे. पस्तीस."

यशपाल हसला. "काठावर पास!" म्हणाला. तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. बस्स, तेवढंच झालं. तुझी आई कढई तशीच ठेवून आमच्या दोघांकडे बघत राहिली. यशपालनं टीव्ही बंद केला, पोहे पुढं ओढले आणि खाल्ले नाहीत, हेही तुला सांगायला हवं.

त्याला तीन महिने झाले. मी फोन केला की तू कामात असतेस. गेल्या महिन्यात दोनदा उचललास, जेवलात का विचारलंस आणि ठेवलास. आणि मग मंगळवारी खोकं.

खोकं आल्या दिवशी मी गठ्ठे बाहेर काढून नुसते हाताळत बसलो. सगळ्यात खाली एक गठ्ठा निघाला, त्याला रबर नव्हतं. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. दोन वेढे आणि वर आत खोचलेलं टोक. तुझ्या आजीची विड्यांच्या जुडीला, कट्ट्याला, मारायची गाठ. ती गाठ माझ्या बोटांना चाळीस वर्षांच्या ओळखीची. सोडवली. मोजले, अठ्ठेचाळीस कागद. सेकंदाला बारा, म्हणजे चार सेकंद झाले, एवढं गणित मला येतं. कागद डाव्या हातात घट्ट धरले आणि उजव्या अंगठ्यानं भरभर सोडले, शाळेत पोरं वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढून करायची तसं. फर्रर्र. काही नाही. पुन्हा केलं. मग उन्हाकडे तोंड करून, नजर थोडी बाजूला नेऊन पुन्हा. आणि हात चालायला लागला.

सुईणीचा हात. दोऱ्याचा एक वेढा, दुसरा वेढा, नखानं टोक आत खोचलं, आणि खोचून झाल्यावर अंगठ्यानं वरून एक हलकी थाप. झोप आता, अशी. ही थाप मूळ पुस्तकात नाही. ही थाप प्रत्येक विडीवर कोण मारायचं, हे जगात किती जणांना माहीत आहे? मी, तू, गिरिजाबाई. आणि यशपाल.

माझाच माझ्यावर विश्वास बसेना. म्हातारपणी हवं ते दिसतं. शुक्रवारी गिरिजाबाई कुंभारीहून आली, नेहमीसारखी कडक भाकरी फडक्यात बांधून घेऊन. शालनच्या शेजारी बसून पंचवीस वर्षं विड्या वळलेली बाई. तिला काही सांगितलं नाही. नुसते कागद तिच्यापुढं धरून सोडले. ती म्हणाली, "परत करा." केलं. "परत." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया! गुर्जी, ही शालन हाय की! करंगळी बगा तिची, वाकडी, लांब ऱ्हायलेली. लहानपनी जात्यात घावली हुती न्हवं. आन् ती थाप, आई गं… लई मार खायची मुकादमाचा त्या थापेपायी, येळ घालवती म्हनून. न्हाय सोडली तिनं." मग मलाच रागावली, "काय वो, असं ठिवत्यात व्हय घरात, न सांगता?" तिनं अकरा वेळा बघितलं. मी मोजलं.

म्हणजे तू त्या दोन टोकांच्या मध्ये शालनला आणून बसवलंस. वरून नगारे वाजले, गाणं वाजलं, जगानं शिव्या दिल्या. त्या सगळ्याच्या खाली, चार सेकंद, तुझी आजी दोरा बांधत होती. आणि तिच्या हातांना मी मेणाचे म्हणालो. तिच्या लेकाच्या देखत.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी सकाळपासून कागदाला घड्या घालतोय. कीर्ती, त्या रविवारी मी काहीही पाहिलं नव्हतं. मला दिसतच नव्हतं. त्याआधी ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, दोन्ही डोळ्यांचा. समोर पाहिलं की मधोमध राखेसारखा डाग, कडेकडेनं तेवढं दिसतं, हलणारं जरा जास्त दिसतं. बरं व्हायचं नाही. मी कुणाला बोललो नाही. यशपालला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी या घराला कुलूप लावून मला मोहोळला नेलं असतं, आणि शालनचं घर सोडायला मी तयार नव्हतो. म्हणून खुर्ची पुढं ओढली, चष्मा पुसला, मान डोलावली. नगारे ऐकले तेवढे खरे. बाकी चेहरे आणि हात हे मी यशपालच्या तोंडून ऐकले आणि माझे म्हणून तुला सांगितले, आपलं आंधळेपण झाकायला. चौतीस वर्षांत एकाही पोराचा पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी आकडा घातला नाही, हा माझा तोरा. शालनच्या विड्या एकदा कंपनीतल्या तपासनिसानं छाट, म्हणजे नापास, म्हणून भिरकावल्या होत्या. घरी येऊन ती कधी नव्हे ती ओरडली, "बगितलं सुदिक न्हाय वो त्यानं! न बगताच छाट!" मी तिला म्हणालो होतो, मी असतो तर एकेक उघडून पाहिली असती. तो तपासनीस मी झालो, पोरी. तिच्याच हातांच्या बाबतीत.

म्हणून हे पत्र. फोनवर हे सांगायला माझी जीभ वळली नसती. तुला नोकरी सोडायची तर सोड. तलाठी व्हायचं तर हो, तेही चांगलं काम आहे, आणि तुझ्या सातबाऱ्यावरचं अक्षर निदान सुंदर असेल. पण माझ्या पस्तीसावर सोडू नकोस. ते खोटे होते. नवे गुण मी देणार नाही, तो अधिकार माझा गेला. फक्त एकदा ये, आणि शेजारी बसून चौथा भाग मला वाचून दाखव, पूर्वी वाचायचीस तसा, नगारे बंद करून. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत. हे पत्र आज टपालात पडलं तर तीन दिवसांत पोचेल. मी दारातूनच पोस्टमनची

फाटकाची कडी वाजली म्हणून उठलो होतो, वाक्य तसंच राहिलं. वाटलं, पोस्टमनच आला. दारात नुसता अंधुक आकार, बगलेत हेल्मेट धरलेला. आवाजावरून ओळखला. सोमवारचा, कामाचा दिवस, आणि दारात यशपाल. त्या रविवारनंतर तो या घरी आला नव्हता. आत आला, बूट काढायचं भान नाही, खोक्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, गिरिजामावशीचा फोन आला होता. आईचे हात आलेत म्हणे घरात." मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाला, "मला दाखवा." मी गठ्ठा पुढं केला. त्यानं हात लांब केला, मग मागं घेतला, स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "थांबा, हात धुऊन येतो." मागं मोरीत नळाचा आवाज येतोय. आज त्याला डोळ्यांचंही सांगतो. तो अजून हात धुतोय, कीर्ती.

तुझाच,
आजोबा